मोठ्या मापाचा पट्टा

आईचा हात स्क्रीनमध्ये आला तो फक्त फोन सरळ करायला. बाबांचं असं की फोनसमोर बसले की ते हळूहळू खाली घसरतात. आधी हनुवटी जाते, मग तोंड, शेवटी नुसतं कपाळ उरतं आणि डॉक्टरीणबाई त्या कपाळाशीच बोलत राहतात. म्हणून आईचा हात आला, फोन वर झाला, बाही कोपराच्या वर सरकली, आणि दंडावर एक रुंद वळ दिसला. लालसर, कडेला बारीक ठिपके उठलेला. मग हात गेला आणि बाबांचं तोंड परत आलं. तिकडे मोठ्या इस्पितळातल्या आपल्या खोलीतून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आकडे अजून खाली येत नाहीयेत. आजपासून एक नाही, दोन गोळ्या घ्यायच्या. ऐकताय ना?" बाबा म्हणाले, "ऐकतोय." आणि इकडे आरोग्य केंद्रातल्या स्क्रीनच्या खोलीत, कॉल लावून देणारी म्हणून कोपऱ्यातल्या चौकोनात बसलेली त्यांची लेक नुसती बघत राहिली. तिला आधी वाटलं, आई भाजली. मग वाटलं, आपटली असेल. आई आपटतेच, दाराला, कपाटाला, आणि सांगत नाही. पण आतून कुणीतरी थंडपणे म्हणत होतं, की बाई, हा वळ तू रोज बघतेस. केंद्रात येणाऱ्या कुणाच्याही दंडावरून रक्तदाबाचा पट्टा सोडवलास की खाली हेच असतं. फक्त तो थोड्या वेळानं जातो. हा गेला नव्हता. हा रोज त्याच जागी पडत होता. तिचं बोट माइककडे गेलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई "काळजी घ्या" म्हणाल्या, चौकोन काळा झाला आणि रांगेतला पुढचा माणूस उघडला. एक रंगारी होता, खोकणारा, इतका खोकणारा की त्याच्या हातातला फोन उड्या मारत होता.

वस्तीत तिला सगळे स्क्रीनवाली म्हणायचे. मास्तरांनी फेकलेलं डस्टर परत मास्तरांवरच फेकून ती शाळेतून बाहेर पडली होती, ती परत गेलीच नाही. मग कुठं टिकायची नाही. दुकानात भांडली, शिवणाच्या कारखान्यात भांडली. केंद्रातल्या सिस्टरनं तिला ठेवून घेतलं, कारण म्हाताऱ्यांना फोन कसा धरायचा हे शिकवायला माणूस पाहिजे होतं. "तू ओरडतेस," सिस्टर म्हणाली होती, "पण त्यांना ऐकू तरी जातं." डॉक्टर केंद्रात यायचे बंद झाले होते, आता ते स्क्रीनवर यायचे. ज्यांना रक्तदाब आहे त्यांच्या घरी यंत्र दिलं होतं. रोज सकाळी दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडा फोनमधून आपोआप केंद्राच्या तक्त्यावर. तक्ता म्हणजे भिंतीवरचा मोठा स्क्रीन. प्रत्येक पेशंटचा एक ठिपका. ठीक असेल तर हिरवा, चढलेला असेल तर पिवळा, फार चढलेला असेल तर लाल. आणि आकडाच आला नाही तर राखाडी. वरच्या ऑफिसातून एक साहेब यायचा, कोवळा पोरगा, दाढी नीट कातरलेली, त्याला ती आणि सिस्टर मागून तक्तेवाला म्हणायच्या. तो म्हणायचा, "लाल चालेल. लालवर आपण काम करतो, ते दाखवता येतं. राखाडीचं काय दाखवणार? आकडा नाही म्हणजे आपल्यासाठी माणूसच नाही." हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला राग आला होता. मग कधीतरी ते तिच्या तोंडात बसलं. ती वस्तीतल्या बायकांना फोन करून तेच सुनवायला लागली, आजी, आकडा नाही म्हणजे तुम्ही नाहीच, कळलं का. आज त्याच तक्तेवाल्यासोबत मोठे पाहुणे येणार होते. केंद्र पुढं चालू ठेवायचं की बंद करून लोकांना लांबच्या इस्पितळात पाठवायचं, ते आज तक्ता बघून ठरणार होतं.

रंगारी खोकत होता आणि तिला बाबा दिसत होते. बाबा एका मोठ्या धुलाई कारखान्यात बॉयलरवर होते. गावभरच्या इस्पितळांच्या चादरी तिथं यायच्या, वाफेवर उकळायच्या. बाबांचं काम काटा बघायचं. ती लहान असताना डबा घेऊन जायची तेव्हा बाबा तिच्याकडे बघायचे नाहीत, काट्याकडे बघत बघतच घास घ्यायचे. ती रडली की बॉयलरची शिट्टी वाजते असं म्हणून त्यांनी तिचं नावच शिट्टी ठेवलं होतं. घरात यंत्र आलं त्या दिवशी त्यांनी पट्टा एकदा फुगू दिला, दंड आवळला गेला तसा फाडकन ओढून काढला. "काटा बॉयलरचा बघायचा असतो शिट्टे. माणूस तापला की स्वतः बोलतो." "बाबा, हा जिवाचा प्रश्न आहे." "मग जिवालाच विचार. मला कशाला बांधतेस जनावरासारखं?" रोज हेच. आणि रोज तक्त्यावर तिच्या स्वतःच्या घरचा ठिपका राखाडी. तक्तेवाला एकदा हसत म्हणाला, मॅडम, दिव्याखाली अंधार. तिच्या डोक्यात तिडीक गेली. घरी जाऊन तिनं बाबांना नाही, आईला धरलं. बाबांना धरून उपयोग नसायचा, ते भिंत व्हायचे. आईवर ओरडलं की काहीतरी हलायचं. "वस्तीला शहाणपण शिकवते मी आणि माझ्याच घरात हे! काहीही कर, कसंही कर, मला रोज सकाळी आकडा पाहिजे म्हणजे पाहिजे." आई भांडं घासत होती. म्हणाली, "बरं." आईचं बरं म्हणजे दार लावल्यासारखं असायचं, आवाज न करता. दुसऱ्या दिवसापासून आकडा यायला लागला. आधी पिवळा, मग लाल. आणि तिला, हे आठवलं तशी तिला खुर्चीत बसवेना, तिला तेव्हा बरं वाटलं होतं. लाल तर लाल, पण घर तक्त्यावर आलं. शिवाय बाबांचा रक्तदाब केवढा चढतो ते कळलं तरी. नाहीतर हा माणूस एक दिवस उभ्याउभ्या फुटला असता, असं ती सिस्टरला म्हणाली होती. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली, मग बदलली, मग आज परत वाढवली. मधल्या काळात बाबा भिंत धरून चालायला लागले. मोरीत पडले. पाय घसरला म्हणाले. ती म्हणाली, "बघा, रक्तदाब चढला की असंच होतं, गोळी चुकवत जाऊ नका." ते गोळी चुकवत नव्हते. हीच तर गंमत. पट्ट्याला नाही म्हणणारा माणूस गोळी मात्र मुकाट्यानं घ्यायचा, कारण ती आई हातावर ठेवायची. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं लोक हसत म्हणतात. तिनंही कितीदा म्हटलं असेल. पखाल घरात भिंत धरून चालत होती आणि म्हैस भांडी घासत होती.

रंगाऱ्याचा कॉल संपला, एका बाळंतिणीचा सुरू झाला, आणि तेव्हा कुठं ती दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली. पट्टा मोठ्या मापाचा होता. बाबांचे दंड म्हणजे खांब, कोळसा ओढलेले, म्हणून तिनंच निवडून मोठा पट्टा घरी नेला होता. सिस्टरनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की जाड दंडाला छोटा पट्टा लावलास तर आकडा उगाच चढा येतो, आणि बारीक दंडाला मोठा लावलास तर खरा असतो त्याहून कमी येतो. आईचा दंड तिनं डोळ्यासमोर आणला. त्याला दंड म्हणणं सुद्धा जास्त. लहानपणी त्या हाताखाली डोकं ठेवून झोपायची तेव्हा हाड टोचायचं. त्या काटकीभोवती तो रुंद पट्टा गुंडाळून, दीड वेढा जास्त मारून, आई रोज सकाळी बसत असणार, ओट्याला टेकून, एका हातानं बटण दाबत. आणि तरीही ठिपका लाल. म्हणजे लालच्या वर काय होतं? लालच्या वर तक्त्यावर रंगच नव्हता. बाळंतीण विचारत होती, ताई, ऐकू येतंय का, ताई. तिनं हेडफोन काढला आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन घरी फोन लावला.

"आई, पट्टा कोण लावतं?"

"कसला पट्टा? जेवलीस का तू?"

"आई, मी तुझा हात बघितला मघाशी."

पलीकडून नुसतं भांडं ठेवल्याचा आवाज. मग आई म्हणाली, "ते लावून घेत नाहीत गं. आरडाओरडा करतात. तू म्हणालीस आकडा पाहिजे."

"अगं त्यांचा पाहिजे होता!"

"माझा काय नि त्यांचा काय. एका घरात राहतो, एका पातेल्यातलं जेवतो. वेगळा कुठून असणार?"

"आणि लाल यायला लागलं तेव्हा? तेव्हा तरी सांगायचंस!"

"ते लाल मला कुठं दिसतं? ते तुला दिसतं."

टाकीतून थेंब पडत होता आणि तिनं तळहात त्याच्याखाली धरला. "डोकं दुखतं का तुझं?"

"डोकं कुणाचं दुखत नाही? सकाळपासून जरा डोळ्यापुढं काजवे येतात, एवढंच. बसले की जातात."

"बाबांना दुसरी गोळी देऊ नकोस हां."

"दिली की मघाशीच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ना."

इथं तिचा तोल गेला. नेहमीसारखाच गेला, आधी आवाज आणि मग विचार. "आत्ताच्या आत्ता बाबांना पट्टा लाव! धरून लाव, बांधून लाव, मला माहीत नाही. खरा आकडा पाठव!"

"ओरडू नकोस बाळा. लावते." आणि फोन ठेवला. तू आडवी हो, तू इस्पितळात चल, मी येते, हे सगळं तिच्या तोंडात होतं, आणि ते तोंडातच राहिलं, कारण आधी ओरडणं बाहेर पडलं होतं आणि त्यानं दारच अडवलं.

सिस्टर खुर्च्या मांडत होती. पाहुण्यांसाठी शेजारच्या शाळेतून आणलेल्या खुर्च्या, लहान मुलांच्या, बुटक्या. "सिस्टर, माझ्या घरचा आकडा खोटा आहे. तो बाबांचा नाही, आईचा आहे." सिस्टरनं खुर्ची हातात तशीच धरली. तिच्या चेहऱ्यावर आधी खरीखुरी काळजी आली, हे तिनं बघितलं, नंतर कुणी काही म्हटलं तरी ते तिनं बघितलं होतं. मग त्या काळजीवर दुसरी काळजी येऊन बसली. "आत्ता? अगं बाई, ते गाडीतून उतरतायत. तुझ्याच बाबांचा ठिपका तो दाखवणार आहे, घराबाहेर पाऊल न टाकता कसा उपचार होतो म्हणून. पाहुणे जाऊ देत. मी स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन लावते." "सिस्टर, तिचं डोकं दुखतंय." "माझंही दुखतंय," सिस्टर म्हणाली, आणि लगेच तिचा हात दाबला, "थोडाच वेळ. हे केंद्र गेलं तर वस्तीतल्या कुणाचंच डोकं कुणी बघणार नाही." आणि ती, जी कुणाच्या बापाला ऐकत नाही, ती थांबली. का थांबली? नोकरीला भ्यायली? ते तर होतंच. पण तक्त्याखाली जाऊन उभी राहिली तेव्हा तिला दुसरीच भीती वाटली. ते ठिपके. तिनं एकेक घरी फोन करून, दटावून, लाजवून, हसवून आणलेले ठिपके. त्या कोपऱ्यातल्या आजीचा रोज अगदी वेळेवर येणारा हिरवा, आजीला तर बटण सुद्धा दिसत नाही, मग तो कुणाचा, सुनेचा? त्या पहारेकऱ्याचा, जो दिवसा झोपलेला असतो? कुणाच्या दंडाला काय बांधलं जात होतं तिच्या आवाजाच्या धाकानं? तिला वाटलं सगळा तक्ता म्हणजे नुसत्या बायका आहेत, ओट्याला टेकून बसलेल्या, एका हातानं बटण दाबणाऱ्या, आणि कुणी कुणाला विचारत नाही.

पाहुणे बुटक्या खुर्च्यांवर बसले, गुडघे हनुवटीला लावून. कुणी हसलं नाही. तक्तेवाला बोलायला लागला. त्याचं बोलणं गुळगुळीत होतं, शब्दाला शब्द न अडकणारं. "हा एक पेशंट बघू. पूर्वी कारखान्यात होता. केंद्रात यायला तयार नाही, यंत्र लावायला तयार नाही. आमच्या टीमनं पाठपुरावा केला." टीम म्हणजे ती. ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि भिंत गार होती. त्यानं ठिपका मोठा केला. लाल रेघ, डोंगरासारखी, चढत गेलेली. आईची रेघ. तिनं आईला असं कधी बघितलं नव्हतं. आईचा एकही नीट फोटो घरात नाही, फोटो काढायला कुणी आलं की ती चहा ठेवायला उठते, आणि ही इथं भिंतभर लाल होऊन उभी. या शिखरावर आईनं काय केलं असेल? कपडे वाळत घातले असतील. त्या शिखरावर ती स्वतः घरी जाऊन मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवून उठली असेल. साहेबाची काठी रेघेवरून सरकत होती आणि तिला वाटत होतं ती काठी कुणाच्या तरी अंगावरून सरकतेय. तेवढ्यात रेघेच्या टोकाला नवा आकडा आला. सगळ्यांच्या देखत. रेघ वरून जी सुटली ती सरळ खाली, विहिरीत दगड सोडावा तशी, वरचा आकडा नव्वदच्याही खाली, आणि ठिपका टुणकन हिरवा झाला. कारण खालच्या टोकाला कुणी रंगच ठेवला नव्हता. उतरलं म्हणजे चांगलं, एवढंच त्याला शिकवलेलं. क्षणभर तक्तेवाला सुद्धा बघत राहिला, मग त्याचा चेहरा उजळला. "बघा! आजच सकाळी डोस वाढवला होता!" आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बाबा पडतील," ती म्हणाली. टाळ्यांमुळं कुणाला ऐकू गेलं नाही. मग तिनं शिट्टीसारखा आवाज काढला, "अहो टाळ्या काय वाजवताय, तो माणूस पडणार आहे! ती वरची रेघ त्याची नाहीये, ती माझ्या आईची आहे!" सगळी डोकी वळली. तक्तेवाला हसून म्हणाला, "मॅडम, प्रश्न शेवटी घेऊ." सिस्टर मात्र उठली होती. तिनं एकदा रेघेकडे बघितलं, एकदा हिच्याकडे, आणि खिशातून फोन काढत ओरडली, "तू नीघ! मी गाडी पाठवते."

ती पळाली. रस्ता रोजचाच, पण आज त्यावर कोण कोण होतं ते तिला आठवणार नाही. पळता पळता ती आईशी भांडत होती. तुला अक्कल नाही. तुला कुणी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं. मग मी सांगेन ते सगळं करशील का तू, विहिरीत उडी मार म्हटलं तर मारशील? आणि उत्तर तिला माहीत होतं, आई बरं म्हणाली असती.

दार उघडं होतं. बाबा मधल्या दारात जमिनीवर बसलेले, पाय लांब, तोंड चुन्यासारखं पांढरं, दंडावर पट्टा तसाच लोंबतोय. "उठायला गेलो नि काळोख झाला," ते म्हणाले. "ही मला उचलायला आली. मी म्हटलं नको उचलू, मी जड आहे." त्यांच्या मांडीला टेकून आई बसली होती. बसली होती म्हणजे ठेवल्यासारखी, एका अंगावर कलून. ओठाचा एक कोपरा खाली उतरलेला, जसं कुणी त्या बाजूचा दोरा सोडून दिला. लेकीला बघून तिनं हसायचा प्रयत्न केला आणि अर्धंच हसू आलं. "पाठवला," आई म्हणाली, पण शब्द चिखलातून आल्यासारखा आला. "गेला ना... खरा?" तिनं आईचा लोंबता हात हातात घेतला. तो गरम होता आणि त्यात कुणी नव्हतं. "गेला," ती म्हणाली. "आला आई. खरा आला."

गाडी आली तेव्हा दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आत शिरली. एक स्ट्रेचर. त्यातल्या पुढच्यानं फोनवर बघून बाबांचं नाव घेतलं आणि थेट त्यांच्या काखेत हात घातला. "मला नाही!" बाबा म्हणाले. "तिला घ्या, अहो, तिला." "काका, केस तुमच्या नावावर आहे. केंद्रातून तेच आलंय. बाई कोण? त्यांची माहिती नाही आमच्याकडे." "मी सांगते तुम्हाला माहिती," ती मध्ये उभी राहिली, "हीच पेशंट आहे, पहिल्यापासून हीच होती, आधी हिला घ्या!" माणूस घुटमळला. दोघांकडे बघितलं. म्हातारा पांढराफटक, म्हातारी कललेली. "पाठोपाठ दुसरी गाडी बोलावतो, पण आत्ता एकच जाईल. नक्की सांगा, कोण?" आणि तेव्हा आईनं चांगला हात उचलला. बाबांकडे दाखवला. जीभ वळत नव्हती तरी वळवली. "आधी... त्यांना. त्यांचं... मोठं आहे. माझं काय..."

"गप्प बस!" लेक ओरडली. एवढ्या जोरात की शेजारचं दार उघडलं. "गप्प बस आई! एक शब्द बोलू नकोस आता!"

त्यांनी आईला उचललं. वजन नव्हतंच, दुसऱ्या माणसाची गरज पण पडली नाही. ती गाडीत आईच्या उशाशी बसली, बाबा दारातून बघत राहिले आणि शेजारणीनं त्यांना धरलं. गाडी वळली. ती आईच्या तोंडाशी वाकून म्हणाली, आता बोल, आई, काय म्हणत होतीस, बोल ना, मी ओरडत नाही. आईचे डोळे उघडे होते आणि तिच्यावरच होते. ओठ हलले नाहीत. लेकीनं सांगितलं होतं, आणि लेकीचं सांगितलेलं आईनं कधी मोडलं नव्हतं.